दुसऱ्या पंगतीचे नमुने

त्या सभेत मला आनंद झाला होता, हे आधीच सांगून टाकते. पुढे जे झालं त्यावरून लोक माझी कीव करतात, ‘बिचारीनं चांगल्या हेतूनं केलं’ असं म्हणतात. हेतू चांगला होता, नाही असं नाही. पण आनंद त्या हेतूपेक्षा मोठा होता आणि तो मी लपवणार नाही.

आमच्या समाजाचं नाव इथे लिहीत नाही. लिहिलं तर मंडळाची नोटीस येईल, आणि मंडळाच्या नोटिसांची भाषा वाचवत नाही. पूर्णा नदीच्या दोन्ही काठांवर मिळून सत्तावीस गावं, पन्नास-साठ हजार माणसं, आणि लग्नं फक्त आपसांत. एवढं पुरे.

आमच्यात एक रोग आहे, त्याला आम्ही मऊमान म्हणतो. बाळ जन्मतं ते चांगलं गुटगुटीत. पाच महिने झाले तरी मान धरत नाही. मग त्याचं गिळणं जातं, मग श्वास. दुसरा वाढदिवस कुणाचाच होत नाही. एका जनुकातल्या एका अक्षराची चूक, बाकी काही नाही. हा रोग जगात फक्त आमच्याकडे, त्यामुळे त्यावर औषध शोधायला कुणाला सवड झालेली नाही.

दोन हजार एकेचाळीस साली मंडळानं जनुकवाचक यंत्र आणलं. जेवणाच्या डब्याएवढी पेटी. नळीत थुंकायचं, नळी पेटीत ठेवायची, चार मिनिटांत उत्तर, कार्डावर छापून. प्रत्येकात त्या जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून, एक बापाकडून. दोन्ही चांगल्या असल्या तर प्रश्नच नाही. एक चांगली, एक चुकीची असली तर तो माणूस वाहक. त्याला स्वतःला काहीही होत नाही, शंभर वर्षं जगेल. दोन्ही चुकीच्या आल्या तर मऊमान. दोन वाहकांचं लग्न झालं, तर चारातलं एक मूल असं निघतं. म्हणजे वाहकानं वाहकाशी लग्न केलं नाही की रोग संपला. इतकं सोपं गणित, पण ते करायला कुणीतरी हवं होतं. समाजात लोकसंख्या-जनुकशास्त्र शिकलेली मी एकटी, अमरावतीच्या कॉलेजात शिकवणारी, आणि फुकट काम करायला तयार असणारीही मीच एकटी. म्हणून मंडळाचे अध्यक्ष बापूसाहेब उमाळे यांनी मला बोलावलं. एरवी त्यांनी दुसऱ्या पंगतीच्या बाईला खुर्ची दिली नसती.

पंगतीचं सांगायलाच हवं. माघात देवीचा भंडारा असतो, रोडगे आणि वांग्याच्या भाजीचा. त्यात पहिली पंगत बसते अलीकडच्या काठाची, म्हणजे देवळाच्या बाजूची. आम्ही पलीकडच्या काठाचे, दुसऱ्या पंगतीला. कारण विचारलं तर सांगतात, पूर्वी नाव उशिरा यायची, पलीकडचे मागून पोचायचे, म्हणून तसं पडलं. नदीवर पूल होऊन साठ वर्षं झाली. मी स्वतः एकदा सकाळी सातला जाऊन बसले होते, तरी मला दुसऱ्याच पंगतीला वाढलं. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात. इथे सुंभही जळलेला नव्हता. मंडळाच्या घटनेत मात्र ‘समाज एक आहे, पोटभेद विचारू नयेत’ असं ठळक अक्षरांत छापलंय. लग्नंही कुणी न सांगता आपापल्या काठावरच होतात.

माझी मुलगी अन्विता आणि बापूसाहेबांचा नातू शार्दूल नागपुरात एकाच कंपनीत होते. दोघांना लग्न करायचं होतं. अन्विता चार वर्षांची असताना तिचे वडील गेले, त्यामुळे मागणी घालायला मी आणि माझा भाऊ दिवाकर गेलो. बापूसाहेबांनी चहा दिला. मग म्हणाले, “वैजूबाई, पोरगी गुनाची हाये तुमची, मी नाई म्हनत नाई. पन मऊमान हे तुमच्या काठाचं दुखनं हाये. आमच्या घरात ते आजवर नाई आलं, माझ्या हातानं मी आनू?”

“तिचं कार्ड निर्दोष आलं तर?” मी विचारलं.

“कार्डाचं काय घेऊन बसल्या? रक्त हे रक्त असते.”

दिवाकर चहा तसाच ठेवून उठला. तो बारा वर्षं सरपंच होता, एवढं ऐकायची त्याला सवय नव्हती. परतताना पुलावर त्यानं गाडी थांबवली आणि नदीत थुंकला. मला त्याचा राग आला नाही.

मुलांनी पळून जाऊन लग्न केलं असतं तर प्रश्न नव्हता. पण शार्दूलची विधवा आई आणि धाकटी बहीण केतकी बापूसाहेबांच्याच घरात राहत होत्या, आणि केतकीचं लग्न ज्येष्ठात ठरलं होतं. ते मोडेल असं काही करायचं नाही, असं दोघांनी ठरवलेलं. वैशाखात मंडळाची सर्वसाधारण सभा होती, तिथे माझा अहवाल मांडला जाणार होता. “आई, तुझ्या अहवालानं त्यांचं तोंड बंद होईल ना?” अन्विता फोनवर विचारायची. मी म्हणायचे, होईल.

नमुने भंडाऱ्यालाच गोळा केले होते. सत्तावीस गावांतली माणसं एरवी एका जागी सापडत नाहीत. थुंकीच्या आधी अर्धा तास काही खायचं नसतं, म्हणून पानावर बसून वाट पाहणाऱ्या माणसाच्या हातात नळी द्यायची, असं मंडळानंच ठरवलं. नळीवर क्रमांक, तोच क्रमांक जेवणाच्या कुपनावर, आणि नंतर कुपन दाखवून कार्ड न्यायचं. गाव नाही, काठ नाही, काही विचारायचं नाही. पोटभेद विचारायला बंदी. दोन हजार चारशे नळ्या झाल्या.

आठात एक माणूस वाहक निघाला. आता हिशेब बघा. नवरा वाहक असण्याची शक्यता आठात एक, बायको वाहक असण्याची आठात एक, दोघंही असण्याची चौसष्टात एक. त्यांच्या चार मुलांत एक आजारी. म्हणजे दोनशे छप्पन्न जन्मांमागे एक बाळ. गेल्या दहा वर्षांत समाजात पाच हजारांवर थोडे जन्म झाले. म्हणजे मऊमानची वीस बाळं यायला हवी होती. दवाखान्यांच्या नोंदी मी मागवल्या, नावं वगळून. बाळं एक्केचाळीस होती.

दुप्पट. एखाददुसरं इकडे-तिकडे होतं, दुप्पट होत नाही. यंत्र चुकलं असेल म्हणून तीनशे नळ्या पुन्हा तपासल्या. यंत्र बरोबर होतं.

जनुकशास्त्रातला एक नियम शंभरावर वर्षं जुना आहे. लोक वाट्टेल तसे आपसांत मिसळून लग्नं करत असतील, तर चुकीची प्रत किती प्रमाणात आहे यावरून निरोगी, वाहक आणि आजारी किती असतील हे ठरलेलं असतं. आजारी जास्त निघाले तर नियम चुकलेला नसतो, ‘लोक मिसळतात’ हे चुकलेलं असतं. एका स्वीडिश संशोधकानं हे फार पूर्वी मांडून ठेवलंय. दोन वेगळे गट, एकात चुकीच्या प्रती भरपूर, दुसऱ्यात जवळजवळ नाहीतच. तुम्ही दोघांना एक समजून सरासरी काढता, पण लग्नं सरासरीत होत नाहीत. ज्या गटात वाहक भरपूर, तिथेच वाहक वाहकाला भेटत राहतो.

हे मी वर्गात वीस वर्षं शिकवलं होतं. तरी आपल्या घरातलं दिसायला मला चार दिवस लागले. गट कुठला ते कळायला मार्ग नव्हता, कारण काही विचारलंच नव्हतं. पाचव्या दिवशी मी नुसते नळ्यांचे क्रमांक ओळीनं मांडले, एक ते दोन हजार चारशे, आणि वाहक तेवढे लाल केले. बाराशे बारापर्यंत पडदा गोवर उठल्यासारखा लाल होता. पुढे एकदम पांढरा, कुठेतरी एखादा ठिपका. बाराशे बारा नळ्यांनंतर पहिली पंगत उठली होती.

पहिल्या पंगतीत चारात एक वाहक. दुसऱ्या पंगतीत शंभरात एक. हे आकडे धरून हिशेब केला की बाळं बरोबर चाळीसच्या आसपास येतात, आणि जवळपास सगळीच्या सगळी पहिल्या पंगतीच्या घरांत. आमच्या काठावर त्या दहा वर्षांत एक बाळ गेलं होतं, मामेबहिणीशी लग्न केलेल्या मास्तरांचं, आणि ते सगळ्या जगाला माहीत होतं. मग बाकीची चाळीस कुठे होती? ती पुण्याला, मामाकडे, ‘तापानं’, ‘निमोनियानं’ गेली होती. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं पाहायचं वाकून. मी त्या पडद्यासमोर बसून मोठ्यानं हसले, एकटीच.

अन्विता शनिवारी घरी आली तेव्हा मी तिला दाखवलं. ती बराच वेळ बघत राहिली.

“शार्दूल कितवा आहे?” तिनं विचारलं.

“ते मी सांगू शकत नाही.”

“वाहक आहे ना? त्यानं मला सांगितलंय. आणि मी नाही. म्हणजे आमच्या मुलांना धोका शून्य.”

“शून्य. निम्मी मुलं वाहक असतील, पण आजारी एकही नाही.”

“मग आई, सभेत एवढंच सांग ना, की दोन्ही काठांमध्ये लग्नं झाली तर रोग जाईल. कुणाकडे किती, हे नको सांगूस. हे चित्र तर अजिबात नको.”

“खरं आहे ते लपवू?”

“लपवू नकोस. पण गरज नाही त्याची. उपाय तर एकच आहे ना? पलीकडे मुलगी द्या आणि अलीकडे आणा. तेवढं म्हण. तू जे करायला निघालीयेस ते वेगळं आहे, तुझ्या तोंडावर दिसतंय.”

मी तिला शब्द दिला. तिच्या डोक्यावर हात ठेवून दिला.

सभा अमरावतीला एका मंगल कार्यालयात होती. दीडेक हजार लोक होते. बापूसाहेबांनी सुरुवातीलाच भाषण केलं: आकडेमोड होत राहील, परंतु काही गावांची ‘विशेष तपासणी’ व्हावी, त्याशिवाय तिथल्या मुलींची नावं विवाहसूचीत घेऊ नयेत. गावांची नावं वाचून दाखवली. चौदाच्या चौदा पलीकडच्या काठाची. टाळ्या पडल्या. मग ते माझ्याकडे वळून म्हणाले, “आता आपल्या वैजूबाई थोडक्यात सांगतीन. थोडक्यात बरं बाई, लोकाले जेवाचं हाये.”

मला अन्विता दिसत होती, बायकांच्या बाजूला, केतकीच्या शेजारी बसलेली. तिनं मला मान हलवून खूण केली. मी बोलायला उभी राहिले आणि ते चित्र पडद्यावर लावलं.

कुपनं लोकांकडे आहेत, क्रमांक तेच आहेत, हे मला आठवलं नाही असं नंतर मंडळाच्या चौकशीत मी सांगितलं. मला आठवलं होतं.

मी सगळं सांगितलं. चारात एक आणि शंभरात एक. चाळीस बाळं आणि एक. “विशेष तपासणी करायचीच असेल तर पहिल्या पंगतीपासून करा,” मी म्हणाले, “आजपर्यंत सगळं तिथूनच सुरू होत आलंय.” बापूसाहेबांचा चेहरा पिठासारखा झाला. माझे आजोबा, माझी आई, उष्ट्या पत्रावळी उचलल्यावर त्याच ओल्या जमिनीवर बसून जेवलेली सगळी माणसं माझ्या पाठीशी उभी आहेत असं मला वाटलं. त्या चेहऱ्याकडे मी बघत राहिले आणि मला आनंद झाला. असा आनंद मला अन्विता झाली तेव्हाही झाला नव्हता.

शेवटी मी म्हणाले, “उपाय एकच आहे. दोन्ही काठांत लग्नं.” पण तेव्हा कुणी ऐकत नव्हतं. लोक पडद्याचे फोटो काढून, ते मोठे करून, खिशातली कुपनं काढून बघत होते.

आणि दिवाकर उठला. माझाच भाऊ. “अध्यक्षमहाराज,” तो म्हणाला, “इतके दिवस आमच्या पोरी तुमाले चालत नोयत्या. आता बाईनं सांगितलं की घान तुमच्याकडे हाये. मंग आमी काहून घ्यावं तुमचं हे? आमचं रक्त साफ हाये, ते आमी साफच ठेवू. पलीकडच्या काठाची एकबी पोरगी अलीकडे जानार नाई, आन तुमची घेनार नाई!”

आमच्या बाजूचे सगळे टाळ्या वाजवत उभे राहिले. मी ओरडत होते की दिवाकर, तसं नाही, वाहक म्हणजे घाण नाही. माईक कुणीतरी बंद केला होता.

पंगतीत कोण कुणाशेजारी बसलं होतं हे सगळ्यांना ठाऊक होतं, त्यामुळे संध्याकाळपर्यंत सत्तावीस गावांना वाहकांची यादी पाठ झाली. केतकी वाहक होती. तिचा होणारा नवराही वाहक होता. ते लग्न तसंही मोडायला हवं होतं, पण कानात सांगून मोडता आलं असतं. ते चौकात मोडलं. मुलाकडच्यांनी साखरपुड्याची साडी परत मागवली. अन्विता त्याच दिवशी माझ्याकडची बॅग उचलून केतकीकडे गेली आणि आठ दिवस तिथेच राहिली. बापूसाहेबांच्या घरात दुसऱ्या पंगतीची मुलगी राहिली ती अशी.

नवव्या दिवशी ती परत आली आणि तिच्या मागोमाग बापूसाहेब. पूल ओलांडून ते आमच्या घरी पहिल्यांदाच येत होते. दिवाकरही बसलेला होता. बापूसाहेब पाणी प्यायले नाहीत, सरळ बोलले.

“लेकीचे दोन पोरं पुरले मी. पुण्याले नेऊन. तुमाले कळलंच असन आता. अन्विता निर्दोष हाये. शार्दूलसाठी द्या. अजून चार-सहा पोरी द्या तुमच्या काठाच्या, कार्ड पाहून. आमी सन्मानानं नेऊ.”

“आणि तुमच्या मुली?” मी विचारलं. “आमच्या मुलांना द्याल?”

ते म्हणाले, “ते लोकाले पटनार नाई.”

“म्हणजे बाजारात गाई निवडायला आलात,” मी म्हणाले. दिवाकर मोठ्यानं हसला. मला अजून बोलायचं होतं, आणि मी बोलले. “एका अटीवर देते. लग्नात पहिली पंगत आमची बसेल. तुम्ही स्वतः वाढाल. आणि आमचं उष्टं निघाल्यावर तुमचे लोक त्याच जागेवर बसतील, जमीन न पुसता.”

“बसतीन,” ते म्हणाले. “मी बसवीन.”

ते होय म्हणतील असं मला वाटलं नव्हतं. आणि तेवढ्यात मला आतून सुचलं, आणि सुचलेलं तोंडातून बाहेर पडलं. “राहू द्या. वाहकाला नाही द्यायची मला.”

हे मी म्हणाले. वीस वर्षं जिनं पोरांना शिकवलं की वाहक म्हणजे धडधाकट माणूस, तिनं.

अन्विता स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिला रडू येत नव्हतं. ती आधी बापूसाहेबांना म्हणाली, “आजोबा, मला कार्ड पाहून न्यायला आलात, तुम्ही जा.” दिवाकरकडे तिनं बघितलंही नाही. मग मला म्हणाली, “तू माझ्या डोक्यावर हात ठेवून खोटं बोललीस ते मी समजून घेतलं असतं. तुझा राग मला कळतो आई, त्या ओल्या जमिनीवर मीही बसलेय. पण केतकी माझ्या शेजारी बसली होती. तू बघत होतीस आमच्याकडे.”

नोटिशीचा महिना संपताच तिनं आणि शार्दूलनं नागपूरला नोंदणी कचेरीत लग्न केलं आणि कोईमतूरला निघून गेले. दोन्ही घरांतल्या मोठ्यांपैकी कुणाला बोलावलं नव्हतं. केतकी साक्षीदार होती, आता ती त्यांच्याजवळच राहते म्हणे.

याला तीन वर्षं झाली. मंडळ मोडलं, दोन मंडळं झाली, दोन भंडारे होतात. आमच्या भंडाऱ्याला पहिलीच पंगत असते, दुसरी नसते. त्यांच्याकडे आता कार्ड पाहून लग्नं ठरतात, वाहकाला वाहक देत नाहीत, आणि गेल्या वर्षी दोन्ही काठांवर मऊमानचं एकही बाळ जन्मलं नाही. तेवढं मात्र माझं काम झालं. आमच्या मंडळानं त्याबद्दल माझा सत्कारही केला, दिवाकरच्या हस्ते. शाल घेतली मी.

दोन्ही मंडळांच्या जन्मनोंदी अजून माझ्याकडेच येतात, कारण हिशेब दुसऱ्या कुणाला जमत नाही. त्या सभेनंतर नियम कडक झाले. देशातल्या कुठल्याही दवाखान्यात बाळाची तपासणी झाली की आईबापाच्या कार्डक्रमांकासह निकाल आपोआप यादीत येतो. गेल्या श्रावणात एका सकाळी यादी उघडली, तर एका ओळीत बापाचा क्रमांक सहाशे अठरा आणि आईचा एकोणीसशे चार. दोन्ही क्रमांक मला पाठ आहेत. मुलगी. वाहक.

मी तीन वर्षांत पहिल्यांदा अन्विताला फोन केला. तिनं उचलला. मागे बाळ रडत होतं.

“अगं, काही काळजी करू नकोस,” मी एका दमात म्हणाले, “वाहक आली असली तरी काही होत नाही. फक्त पुढे लग्नाच्या वेळी...”

“तुला कसं कळलं?”

“यादीत आलं सकाळी.”

बाळ रडायचं थांबलं होतं, तिनं घेतलं असावं. “मग तुला सगळं कळलंच आहे,” ती म्हणाली आणि तिनं फोन ठेवला. त्यानंतर तो नंबर लागत नाही.

नातीचं नाव काय ठेवलंय ते विचारायचं राहून गेलं. यादीत शोधून उपयोग नाही. नावाचा रकाना तिथे नसतो. सभेत झालं तसं पुन्हा कुणाचं होऊ नये म्हणून तो मीच काढायला लावला.